मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहणाऱ्यांसाठी आपण नेमकं काय करू शकतो?

मृद्गंध

नवरात्र संपत आलं की मला फोन यायला लागतात. "ताई, आमच्या सोसायटीला यंदा मनोरुग्णालयात फराळ वाटायचाय, कधी येऊ?" विचारणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. पण दिवाळीच्या चार दिवसांत वॉर्डात लाडू-चिवड्याची रीघ लागते आणि नंतर वर्षभर तिकडे कुणी फिरकत नाही. म्हणून म्हटलं, इथे एकदा सविस्तर लिहावं.

राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार. येरवडा (मंजूर खाटा २५४०), ठाणे (१८५०), नागपूर (९४०) आणि रत्नागिरी (३६५). त्यातल्या एका ठिकाणी आमचा लहानसा गट काही वर्षं जातोय. कुठल्या, ते लिहीत नाही. आतल्या माणसांबद्दल लिहायचंय, आणि गावाचं नाव आलं की माणूस ओळखू येतो.

आत दोन तऱ्हेचे लोक असतात. काही जण त्रास वाढला म्हणून येतात, उपचार घेतात, काही आठवड्यांत घरी जातात. दुसरे म्हणजे वॉर्डात ज्यांना 'जुने पेशंट' किंवा 'लाँग स्टे' म्हणतात ते. कुणी दहा वर्षं आहे, कुणी तीस. यातल्या बऱ्याच जणांचा आजार गोळ्यांवर आटोक्यात आहे. ते आत आहेत कारण त्यांना न्यायला कुणी आलेलं नाही, किंवा भरती करताना दिलेला पत्ताच खोटा होता, किंवा पोलिसांनी रस्त्यावरून आणलं तेव्हा कागदावर 'अज्ञात' लिहिलं ते तसंच राहिलं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ यावर स्पष्ट आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येत नाही. कायदा २०१८ पासून लागू आहे. आमच्या वॉर्डातल्या जुन्या पेशंटना तो अजून बाहेर काढू शकलेला नाही, कारण 'बाहेर' म्हणजे कुठे, हे ठरवायला कुणीतरी माणूस लागतो.

तो माणूस आपण होऊ शकतो. मी हा धागा त्यासाठी काढलाय.

आमचं सुरुवातीचं काम कपड्यांचं होतं. धुलाईहून गठ्ठा येतो, हाताला लागेल तो कपडा अंगावर चढतो. आज तुझ्या अंगावर असलेला गाऊन उद्या शेजारणीच्या. स्वतःचे कपडे घालण्याचा, गणवेशाची सक्ती नसण्याचा आणि डोकं जबरदस्तीने न भादरलं जाण्याचा हक्क कलम २० मध्ये लिहिलेला आहे. आम्ही काय केलं, तर प्रत्येकीच्या मापाचे दोन-दोन जोड घेतले, आवडीचा रंग तिलाच निवडायला लावला आणि गळपट्टीच्या आतून रंगीत दोऱ्याने नाव टाचलं. एक आजी आहेत. त्यांनी पिवळ्या फुलांचा गाऊन घेतला. तो त्या गठ्ठ्यात टाकतच नाहीत. दुपारी नळावर स्वतः धुतात, कठड्यावर वाळत घालतात आणि वाळेपर्यंत शेजारी बसून राहतात. कुणी मध्ये जेवायला बोलावलं तर हाताने 'नंतर' अशी खूण करतात.

दुसरं काम पत्ते शोधण्याचं. याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण यात माणसं खरंच कमी पडतात.

समजा, एक बाबा सांगतात, "गाव पिंपळगाव." राज्यात पिंपळगावं किती आहेत, मोजदाद नाही. तालुका विचारला तर सांगता येत नाही, कारण तालुक्याला जायचं कामच कधी पडलेलं नाही. मग आम्ही वेगळं विचारायला लागतो. आठवडी बाजार कुठल्या वारी? मंगळवारी. जत्रा कुणाची? म्हसोबाची, चैत्रात. ऊस कुठल्या कारखान्याला जायचा? ऊस नाही, कापूस. झालं, अर्धा महाराष्ट्र गळाला. एसटी कुठून सुटायची, नदी गावाच्या अलीकडे की पलीकडे, शाळेत गुरुजी कोण, लग्नाचं वऱ्हाड कुठल्या गावाहून आलं होतं. हे एका बैठकीत निघत नाही. गोळ्यांची सुस्ती असते, अनोळखी माणसाशी बोलायची सवय गेलेली असते. तोच चेहरा पुन्हा पुन्हा दिसला, की एखाद्या शनिवारी न विचारता एक नाव तोंडातून येतं. मग तिथल्या ग्रामपंचायतीत, पोलीस पाटलांना, पोस्टात फोन. पोलीस पाटलांनी आम्हाला फार मदत केलीय. गावात कोण कधी हरवलं हे त्यांना पाठ असतं.

हा शोध आपण परस्पर करायचा नसतो. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्या सांगण्यावरून आणि पेशंटला विचारूनच. काहींना घरचा पत्ता सांगायचाच नसतो, आणि त्याला कारणं असतात.

तिसरं, कागदपत्रं. आधार नाही म्हणून बँक खातं नाही, खातं नाही म्हणून कुठलीच योजना नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, निघू शकतं. पण फॉर्म भरायला, फोटो काढून आणायला, रांगेत उभं राहायला वॉर्डातला माणूस मोकळा नसतो.

तुम्हाला काय वाटतं, कुणाला काय अनुभव आहे, लिहा. यायचं असेल त्यांनी विचारपूस करा, सांगते.

वाटसरू

ताई, धागा वाचून खूप वेळ नुसता बसून राहिलो. आमच्या बँकेतल्या निवृत्त लोकांचा गट आहे. आम्ही जुने कपडे भरपूर गोळा करू शकतो. पाठवू का?

मृद्गंध

वाटसरूकाका, तुमचा गट आला तर फार बरं होईल, पण जुने कपडे नकोत. तिथे जुने कपडे ढिगाने येतात. कमी पडतात ते नवे आतले कपडे, मापाचे. पुरुषांच्या बनियन-अंडरवेअर, बायकांचे परकर, ब्रेसियर. परकराला नाडी चालत नाही, इलॅस्टिकच लागतं, ते सुरक्षेसाठी असतं. शिवाय चष्मे. चाळिशीचा चष्मा नाही म्हणून कितीतरी जण पेपर वाचत नाहीत आणि सगळे समजतात की यांना वाचनात रस नाही.

आणि बँकेतले लोक म्हणजे आमच्यासाठी सोनंच. खाती उघडण्याच्या कामात तुमच्याइतकं कोण करणार?

निवृत्त_सिस्टर

मी अशाच एका रुग्णालयात परिचारिका होते, म्हणून दोन गोष्टी आतल्या बाजूने लिहिते.

लोक प्रेमाने पेढे-लाडू आणतात. पण ओलान्झापिन, क्लोझापिन यांसारख्या गोळ्यांनी वजन आणि रक्तातली साखर वाढते. जुन्या पेशंटमध्ये मधुमेह खूप आहे. पाहुणे लाडू वाटून, फोटो काढून चारला निघून जातात आणि रात्रपाळीला साखर कुणाची किती चढली हे आम्ही बघत बसतो. फळं आणायची तर आधी वॉर्ड सिस्टरला विचारा. तंबाखू-बिडी मागतील, देऊ नका, कितीही गयावया केली तरी.

दुसरं, स्वयंसेवक येतात, चार शनिवार जीव लावतात आणि येणं बंद करतात. पेशंट पुढचे कितीतरी शनिवार दाराशी उभे असतात. काही जण जेवण सोडतात. तेव्हा समजूत घालायला वॉर्डात आम्हीच असतो. त्यामुळे मी कामावर असताना नवीन गट आला की जरा कडकच वागायचे. मृद्गंध यांच्या गटासारखे चिकटून राहणारे मोजकेच.

कर्मचाऱ्यांबद्दल बाहेर बरंच वाईट बोललं जातं. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण रात्री एका सिस्टरवर आणि दोन अटेंडंटवर किती माणसं असतात, हे एकदा येऊन पाहा. त्यातही केसांना तेल लावून वेणी घालणाऱ्या मावश्या मी पाहिल्यात.

मृद्गंध

सिस्टर, फोटोचं तुम्ही काढलंत ते बरं झालं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २४ प्रमाणे संमतीशिवाय रुग्णाचा फोटो किंवा माहिती प्रसारमाध्यमांना देता येत नाही. मी तर पुढे जाऊन म्हणते, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवरही नको. त्या फोटोतल्या बाईला उद्या घरी जायचंय, गावात तोंड दाखवायचंय.

प्रश्नचिन्ह

कुणाचं मन दुखवायचा हेतू नाही, पण एक मूलभूत शंका. ही सरकारी रुग्णालयं आहेत. कपडे, चष्मे, आधार कार्ड, पुनर्वसन ही सगळी सरकारची जबाबदारी. आपण फुकटात करत राहिलो तर सरकार रिकाम्या जागा कशाला भरेल? सेवाभावाच्या नावाखाली आपण व्यवस्थेला पळवाट तर देत नाही ना?

मृद्गंध

प्रश्न रास्त आहे आणि आमच्या गटात यावर दर काही महिन्यांनी वाद होतो. आम्ही रेषा अशी आखली आहे: अंघोळ घालणं, भरवणं, गोळ्या देणं, साफसफाई यातलं काहीही आम्ही करत नाही. माणूस कमी आहे म्हणून रुग्णालयाच्या अधीक्षकांनी विनंती केली तरी नाही. ती पदं आहेत, ती भरलीच पाहिजेत. तसं लेखी देतो. याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते, तीही पेशंटच्या नावाने करायला मदत केलीय. वॉर्डातल्या बायका स्वयंपाकघरात राबत असतील तर त्यांना मोबदला मिळाला पाहिजे, हे कलम २० मध्येच आहे. आम्ही ते विचारतो, आणि विचारणारा बाहेरचा माणूस दर आठवड्याला समोर दिसत असला की फरक पडतो.

पण प्रश्नचिन्ह, सगळे पगारी लोक वेळेवर भरले तरी एक गोष्ट उरते. तिथे भेटणारा प्रत्येक जण ड्युटीवर असतो. आपल्याशी बोलायला म्हणून, दुसरं काहीही काम नसताना, मुद्दाम कुणी आलं, हे सरकार पुरवू शकत नाही. कलम २६ मध्ये भेटणाऱ्यांना भेटण्याचा हक्क दिलाय. ज्याला भेटायला कुणीच येत नाही त्याने हा हक्क वापरायचा कसा?

दूरदेशी

अमेरिकेतून, कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून लिहितोय. इथे सॅन फ्रान्सिस्को शहराचं लगूना होन्डा नावाचं सार्वजनिक रुग्णालय आहे. मनोरुग्णालय नाही, म्हातारे, अपंग, दीर्घ आजारी अशा गरिबांना कायमचं ठेवणारं. १८६६ साली निराधारांचं आश्रयगृह म्हणून सुरू झालं, आज सातशेच्या वर खाटा आहेत. त्याच्यासाठी एक जुनी स्वयंसेवी संस्था आहे. ती रहिवाशांचे कपडे, सहली, वाढदिवस यासाठी पैसे उभे करते.

श्रीमंत देशात याची गरज का, असं मला आधी वाटायचं. मग कळलं की मेडिकॅलवर (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) असणाऱ्या रहिवाशाचं उत्पन्न खर्चापोटी जमा होतं आणि त्याच्या हातात महिन्याला बहुतेक वेळा फक्त ३५ डॉलर उरतात. त्यात केस कापणं, फोन, चपला, नातवाला भेटकार्ड, सगळं. इथे एका साध्या कटिंगलाच जवळपास तेवढे पडतात.

आणखी एक सांगावंसं वाटतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये तपासणीत त्रुटी निघाल्या म्हणून केंद्रीय यंत्रणेने या रुग्णालयाची मान्यता काढली आणि सगळ्या रहिवाशांना दुसरीकडे हलवायला सांगितलं. हलवलेल्यांपैकी काही जण अल्पावधीत दगावले. जुलैमध्ये हलवणं थांबवावं लागलं. मेडिकेडची (मेडिकॅल हा तिचाच कॅलिफोर्नियातला भाग) मान्यता २०२३ मध्ये आणि मेडिकेअरची (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी योजना) २०२४ मध्ये परत मिळाली. त्यामुळे 'बाहेर काढा' हा शब्द ऐकला की मला भीती वाटते, ताई. बाहेर कुठे, कुणाबरोबर, हे आधी ठरलं पाहिजे.

मृद्गंध

दूरदेशी, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आपल्याकडेही अगदी हेच झालं. बऱ्या झालेल्या लोकांना मनोरुग्णालयातून हलवा, असं सर्वोच्च न्यायालय सांगत होतं, तर काहींची रवानगी भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात झाली. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यावरून महाराष्ट्राला फटकारलं आणि हे थांबवा म्हणून सांगितलं. ज्याने कधी भीक मागितली नाही त्याला बरा झाला म्हणून भिक्षेकरी गृहात पाठवायचं! मला तेव्हा झोप लागली नव्हती.

करण्यासारखा मार्ग आहे. चेन्नईची 'द बॅनियन' १९९३ पासून बेघर, मानसिक आजार असलेल्या स्त्रियांसाठी काम करते. त्यांनी चार-पाच जणींना साध्या वस्तीत भाड्याचं घर करून दिलं, सोबतीला मदतनीस ठेवली. बाजारहाट, स्वयंपाक, शेजारपाजार सगळं त्याच करतात. आपल्याकडे कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची 'श्रद्धा' संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून देशभर त्यांच्या घरी पोचवते, डॉक्टरांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पोचवणं म्हणजे सोबत जाणं, घरच्यांशी बोलणं, गोळ्या कशा द्यायच्या ते समजावणं. गाडीत बसवून देणं नव्हे.

सातबारा

नातेवाईक नेत नाहीत यामागे जमीन असते, हे कुणी लिहिणार नाही म्हणून मी लिहितो. आमच्या तालुक्यात दोन प्रकरणं माहीत आहेत. बहिणीला वेडी ठरवून ठेवली आणि वाटणीच्या वेळी तिचं नावच नाही.

मृद्गंध

खरं आहे, आम्हीही पाहिलंय. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ प्रमाणे कुठल्याही आजारामुळे वारसाहक्क जात नाही. असं काही दिसलं तर आपण नातेवाइकांशी भांडायला जायचं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, स्त्रियांना आणि दिव्यांगांना तिथे वकील मोफत मिळतो. आणि मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १९ मध्येच लिहिलंय की कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावण्यासाठी सरकारने कायदेशीर मदत द्यायची आहे.

अनामिक_भाऊ

खूप विचार करून लिहितोय. माझा थोरला भाऊ अशाच एका ठिकाणी आहे. वडिलांनी भरती केलं होतं. वडील गेले, आई गेली. आम्ही दोन खोल्यांत पाच माणसं. आजारपणात त्याने एकदा आईवर हात उचलला होता, माझ्या बायकोने ते पाहिलंय. मी दिवाळीला आणि त्याच्या वाढदिवसाला जातो. तो दर वेळी विचारतो, "बॅग भरू का?" आणि मी विषय बदलतो.

इथलं वाचून वाटलं, आम्ही सगळे जमिनीसाठी टाकून देणारे आहोत. जमीन नाही आमच्याकडे. भीती आहे.

निवृत्त_सिस्टर

भाऊ, तुम्ही जाता हेच कितीजण करतात? मी नोकरीत असताना तुमच्यासारख्यांची वाट बघणारे खूप पाहिले. स्वतःला बोल लावू नका.

मृद्गंध

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. तुम्हाला कुणी टाकून देणारा म्हणालं तर मी इथेच त्याला उत्तर देईन.

घरी आणायचं की नाही, हा निर्णय आज घ्यायचाच नाही. आधी डॉक्टरांना भेटून विचारा की आता त्याची तब्येत कशी आहे, शेवटचा त्रास कधी झाला होता. तुम्ही पाहिलेला आजार जुना असू शकतो. मग एक दिवस बाहेर, चहा-नाश्त्यापुरतं. नंतर डॉक्टरांना योग्य वाटलं तर थोड्या दिवसांची रजा मिळते, त्यासाठी कायद्यात तरतूद आहे, आणि जमलं नाही तर परत नेता येतं. गोळ्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमातून मोफत मिळतात, दर वेळी मनोरुग्णालय गाठावं लागत नाही. अडीनडीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आहे. वहिनींना घेऊन या. त्यांची भीती आधी ऐकायला हवी, त्यांना समजवायला जाऊ नका.

आणि घरी नाहीच जमलं, तरी वर्षातून दोनदा जाण्याऐवजी महिन्यातून एकदा जाता आलं तर जा. येणार ती तारीख त्याला कागदावर लिहून द्या आणि त्याच तारखेला जा. वॉर्डातल्या माणसाला 'येईन लवकरच' याने काहीच हाती लागत नाही.

अनामिक_भाऊ

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, चहापर्यंत ठीक आहे. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना भेटायला जातो.

चैत्रपालवी

ताई, मी एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्य) पहिल्या वर्षाला आहे. आम्ही तिघी मैत्रिणी यायला तयार आहोत. गाणी म्हणता येतात, मेंदी काढता येते. पण शनिवारी-रविवारीच जमेल. काही प्रशिक्षण असतं का?

मृद्गंध

पालवी, अवश्य या. मेंदीला तर रांग लागेल. नियम सांगते. अधीक्षकांची परवानगी गट म्हणून घेतलेली असते, तुमची नावं त्यात घालावी लागतील. त्यासाठी ओळखपत्राची झेरॉक्स आणि दोन फोटो. पहिले दोन शनिवार फक्त जुन्या स्वयंसेवकांसोबत बसायचं. मोबाईल बाहेर ठेवायचा. पिना, काचेच्या बांगड्या, कात्री, ओढणी नको. मेंदीचे कोन चालतात, पण आम्ही मोजून नेतो आणि मोजून परत आणतो. कुणी घरचा नंबर दिला तर परस्पर फोन करायचा नाही, समाजसेवा अधीक्षकांना द्यायचा. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत.

निदान सहा महिने येणं जमेल का, एवढाच विचार आधी करा. परीक्षेच्या काळात सुट्टी घ्यायला हरकत नाही, पण जायच्या आधी पेशंटना सांगून जायचं, आणि परतायची तारीख सांगायची.

वाटसरू

आमच्या गटाची काल बैठक झाली. आठ जण तयार आहेत, त्यातले तिघे नियमित येतील, बाकीचे चष्म्यांचा आणि कपड्यांचा खर्च उचलतील. खातं उघडण्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी मी करायला घेतलीय, वॉर्डातल्या पत्त्यावर खातं निघेल का ते शाखेत विचारून सांगतो. बायकांच्या मापाचं मात्र आमच्यापैकी कुणाला काही कळत नाही.

मृद्गंध

मापं सिस्टरांनी दिलेली आहेत, वहीच आहे, तुम्हाला विचारपुशीत फोटो पाठवते. परकर कॉटनचेच घ्या काका, आणि गडद रंग. पांढरे पहिल्याच धुलाईत मळकट होतात. चष्म्यांसाठी नेत्रतपासणीची तारीख अधीक्षकांकडून मिळाली की कळवते. पालवी, तुम्ही तिघी आणि काकांचे तिघे, शनिवारी सकाळी दहाला मुख्य फाटकाशी थांबा. मी तिथेच असेन.